किल्ल्याच्या पोटातली घरं

मनामा,
१६ जानेवारी २०२६

प्रिय आल्बर्टदादा,

येशूची कृपा तुम्हा सगळ्यांवर असो. मी बरी आहे. टिनावहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, नुसतं तेल चोळून भागणार नाही. नणंद नर्स आहे, तर कधीतरी तिचं फुकटचं ऐकावं. आपल्या गावचा कीथ इथून उद्या वसईला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. मी फोन उचलत नाही म्हणून चिडला असशील. चीड, पण पूर्ण वाच.

आज सुट्टी होती. माझ्या वॉर्डातली सुहा, इथलीच बहरीनी मुलगी, मला ओढून किल्ल्यावर घेऊन गेली. म्हणाली, "इतना साल बहरीन में, और किल्ला नहीं देखा? यल्ला, चलो!" समुद्राला लागून अवाढव्य दगडी किल्ला. त्यातला काही भाग फिरंग्यांच्या हातचा. म्हणजे बघ, ज्यांच्यामुळे आपण गोन्साल्विस झालो, ते इथेही ठाण मांडून गेले. मी बुरुजाला हात लावून म्हटलं, "ये तो हमारे गांव का लोग निकला!" सुहा हसून हसून बेजार.

पण दादा, खरा चमत्कार किल्ल्याच्या खाली आहे. तो ज्या टेकडीवर उभा आहे, ती टेकडीच नव्हे. चार हजार वर्षं माणसं तिथेच घरं बांधत राहिली. जुनी पडली की त्यांच्याच डोक्यावर नवी. शेजारच्या म्युझियममध्ये एका उंचच उंच भिंतीत ते थर दाखवलेत. तळाशी दिलमुन नावाच्या जुन्या राज्याची माणसं, मग ग्रीकांच्या काळातली, मग अरब, आणि पार वर आपले फिरंगी. मी मान वर करून बघतच राहिले. सुहा फोटोसाठी हाका मारत होती, मला ऐकूच येईना. आपण केवढेसे, असं वाटलं आणि त्यात दुःख नव्हतं.

मग एका काचेमागे मातीची वाडगी दिसली. अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी साप वाडग्यात ठेवला, सोबत मोती ठेवला आणि घराच्या जमिनीखाली पुरला. कोणत्या देवासाठी, ते नक्की कोणालाच माहीत नाही. बारीक हाडं अजून दिसतात. मला एकदम रडू कोसळलं.

"सांप से डर गई?" सुहाने विचारलं.

"नहीं. माँ की याद आई."

तिला काय कळणार? तुला कळेल.

नोव्हेंबरात, मृतांच्या आत्म्यांच्या दिवशी तू सिमेटरीतून फोन केलास. फादर म्हणतायत, आईची कबर आता उघडायची, हाडं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची, जागा दुसऱ्या कोणाला तरी लागेल. रीतच आहे आपली. बाबांच्या वेळी मीही हो म्हटलं होतं. या वेळी तू विचारलंस, "हो सांगू ना?" आणि मी फोन ठेवून दिला.

दादा, पीपीई किट घालून का होईना, आईला पुरताना तू तिथे होतास. मी इथे कोविडच्या वॉर्डात परक्यांचे डोळे मिटत होते. मी तिचं काहीच पाहिलं नाही. त्यामुळे माझ्यासाठी ती अजून तशीच आहे, केसांत अबोली घालून चर्चला मिस्साला निघालेली. तू कबर उघडलीस की ती खरंच मेली. म्हणून गप्प होते. तुझ्यावर राग नाही रे.

उघडणं म्हणजे तिला उठवणं, हुसकावणं, असं मला वाटायचं. पण ती वाडगी कोणीतरी किती हळुवार हाताने उघडली असतील! ठेवणाऱ्याची माया उघडणाऱ्याच्याही हातात असू शकते, हे आज डोळ्यांनी पाहिलं. आणि जागा सोडायला आपली आई कधी कुरकुरली? पाहुणे आले की स्वतःचा पलंग देऊन चटईवर झोपायची.

तेव्हा फादरना हो सांग. फक्त तारीख फेब्रुवारीअखेरची घे. रजा मंजूर झालीय, इंशाल्ला मी तोवर पोचते. खणणाऱ्याला वरची माती काढू दे, पण त्यापुढे हात लावू देऊ नकोस. पुढचं आपण दोघं करू.

तिला खाली तू ठेवलंस. वर मी घेईन.

तुझी धाकटी,
जेनिस