विहीर गोड, आणि मग तुम्ही थांबलात

सर,

माझा तुमच्यावर संशय आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, उत्तर द्यायला तुम्ही येणार नाही, आणि अशा माणसावर संशय घेणं सोपं असतं हे मलाही कळतं. पण येत्या शनिवारी कॉलेजात तुमच्या कवितांचा कार्यक्रम आहे. माझ्या वर्गातली मैत्रीण आता तिथेच शिकवते, तिचा फोन आला. म्हणाली, "विहिरीची कविता तू म्हण ना. तुला सरांची लकब येते." लकब! मी माझ्या कविता मुद्दाम अशा लिहिते की कोणाला मोठ्याने वाचताच येऊ नयेत. ओळी तिरक्या, कधी पानभर नुसती विरामचिन्हं. आणि हिला माझ्यात तुमची लकब सापडली. मी म्हटलं, सांगते. अजून सांगितलेलं नाही.

ती कविता मी आधी वाचली आणि नंतर ऐकली, सगळी गडबड तिथेच आहे. मी सायन्सची, पण अक्षर बरं म्हणून भित्तिपत्रक लिहायला तुम्ही मला धरलं होतंत. तुम्ही कागद दिलात, मी स्केचपेनने उतरवत गेले. शेवटी, 'समुद्र इतका जवळ, तरी आमची विहीर गोड, कुणी अडवलंय त्याला?' तिन्ही ओळी एकीखाली एक. लिहिताना मला काहीही झालं नाही. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार वाटला. तुम्ही म्हणालात, "वाच बघू." मी वाचलं. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत, "अगं, कविता वाचतेयस का एसटीचा बोर्ड?" सगळे हसले, मीही हसले. राग मात्र आला होता.

मग मुरुडचा तुमचा काव्यवाचनाचा कार्यक्रम. वाचनालयाच्या वरचा हॉल, ऊन उतरायची वेळ. बाबांना तिकडून नारळ भरून आणायचे होते, म्हणून मी त्यांच्या टेम्पोतून गेले होते. तेही मागे दाराशी हाताची घडी घालून उभे. तुम्ही विहिरीची कविता म्हणायला घेतलीत. 'तरी आमची विहीर गोड' म्हणालात आणि थांबलात. माझ्या आठवणीत तुम्ही अजून तिथेच उभे आहात. खिडकीकडे बघताय. हॉलमध्ये कोणी खोकत नाही, खुर्ची हलत नाही, बाहेरचं नारळाचं झापसुद्धा गप्प आहे. आणि मग अगदी हळू, जवळजवळ स्वतःशीच, 'कुणी अडवलंय त्याला?' माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आणि ओळ तीच हो, माझ्याच हाताने लिहिलेली!

परतताना टेम्पोत मी बाबांना सांगून टाकलं की मी सायन्स सोडणार, मराठी घेणार. त्यांनी काशीद मागे पडू दिलं. मग म्हणाले, "मास्तरचा आवाज भारी हाय. पन तो बोलला काय, सांग बरं?" मी तोंड उघडलं. ओळ आठवत होती, पण टेम्पोच्या खडखडाटात ती म्हटली असती तर पुन्हा बोर्डच झाला असता. "बघ," बाबा म्हणाले. आजही घरात कोणी पाहुणा आला आणि मी काय करते असं विचारलं, की त्यांचं ठरलेलं असतं, "पोरगी आवाजावर गेली आमची."

पुढे मांडव्याहून लाँच पकडून मुंबईत कवितांचे कार्यक्रम ऐकायला जायला लागले आणि बाबांचं खरं वाटायला लागलं. तिथे सगळे थांबतात हो. शेवटच्या ओळीआधी मान खाली, श्वास, मग ओळ, मग टाळी. प्रत्येक वेळी मला तुम्ही दिसायचात. मला वाटायचं, ही युक्ती, आणि मी हिच्यावर आख्खं आयुष्य लावलं. कागदावर ती कविता पुन्हा पुन्हा वाचून बघितली. विहीर, समुद्र, प्रश्न. काटा काही येईना. म्हणूनच मी तोंडाने म्हणता येणार नाही असं लिहायला लागले.

परवा मैत्रिणीने मुरुडच्या त्या दिवसाचा व्हिडिओ पाठवला, कोणाच्या तरी जुन्या फोनवरचा. मला वाटलं, चला, आता तुमच्या युक्तीचा पुरावाच मिळाला. तुम्ही 'विहीर गोड' म्हणता आणि शेजारच्या मशिदीतून अजान सुरू होते. माईक सांभाळणारे काका बटण बंद करतात. कोणी काही सांगत नाही, मुरुडात सांगावं लागत नाही. तुम्ही पाणी पिता, खिडकीकडे बघता. बायका पदर सारखा करतात, बाबा मागे जांभई देतात. अजान संपते, काका बटण लावतात, आणि तुम्ही तिसरी ओळ म्हणता. माईक किंचाळेल म्हणून हळू, असं दिसतंय.

म्हणजे ती शांतता तुमची नव्हती. शांतता नव्हतीच! एवढी मोठी अजान माझ्या आठवणीने पुसून टाकली आणि त्या जागी तुम्हाला उभं केलं. आता संशय कोणावर घ्यायचा? पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. दुसरा कोणीही कवी असता तर मागे जाऊन समुद्रापासून पुन्हा सुरू केलं असतं. तुम्ही केलं नाहीत. आणि नंतर आलेल्या तुमच्या पुस्तकात दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये मोकळी जागा आहे. भित्तिपत्रकावर नव्हती, मला पक्कं माहितीय. ती तुम्ही सोडलीत, की छापणाऱ्याकडून सुटली? तुम्ही प्रुफं कशी तपासायचात तेही मी पाहिलंय, एक डोळा चहावर. त्यामुळे तुम्हाला मी अजून सोडलेलं नाही.

हे पत्र कुठे टाकणार? तुमचा पत्ता पाठ आहे, पण त्या घरात आता होमस्टे आहे. एवढंच सांगते. मघाशी दार लावून मी ती कविता मोठ्याने म्हटली. मोकळ्या जागेशी आले आणि थांबले. खिडकीकडे बघितलं. बाहेर अजान नव्हती, काही नव्हतं, थांबायचं काही कारणच नव्हतं. तिसरी ओळ म्हटली तेव्हा माझा आवाज हळू निघाला, आणि तो तुमचा नव्हता.