उंच बटनांचा कॉम्प्युटर

कॅम्प नं. ४, हिमाचल
५ जानेवारी २०२५

ती. ताईस,
पिंटूचा सप्रेम जयभीम. वि. वि.

अन तू पुन्हा तेच लिहिलं! मागच्या पत्रात मी नाई म्हटलं, तं यावेळी तेच अजून लांब करून लिहिलं, का घरात कॉम्प्युटर पाहिजे, बाबांले बोलता येईन. मले एक सांग, आवाज होता तवा तरी ते माह्याशी बोलले का? चार वर्षं झाले. मी नववीतून पळालो, मंग त्यायच्या बाजूच्या खुर्चीवर टायपिंगले बी बसलो नाई, घरच सोडलं, तो राग. पातूरच्या तहसीलसमोर टेबल टाकून साऱ्या तालुक्याचे अर्ज टाइप करनारा मानूस, पन पोराले एक कार्ड टाकलं नाई. आता डॉक्टरनं गळ्यातली आवाजाची पेटी काढली, ते तुह्या घरी येऊन राह्यले, तं मी बोगद्यात दगड उचलून त्यायले बोलाले मशीन घेऊन देऊ?

पाटी दे त्यायले. नाई तं जिजाजीचा मोबाइल दे. शिकलेला मानूस हाय, लिहीन. मले वाटते कॉम्प्युटर तुलेच पाहिजे, अन नाव बाबांचं सांगून राहिली.

थंडी इतकी का सकाळी बादलीतलं पानी फोडा लागते. टावर नाईच. राशनची गाडी पंधरा दिवसाले खाली जाते, तिच्यासंगं हे पत्र देतो. आईच्या गुडघ्याचं लिही. माह्या बोलन्याचा राग धरू नको, पन धरशीनच.

तुझा,
पिंटू


अमरावती
१९ जानेवारी २०२५

चि. पिंटूस,
ताईचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

राग धरला होता. दोन दिवस. मग आई म्हणाली की पोरगं बर्फात बसलं आहे, लिही त्याला. म्हणून लिहिते.

पाटी पहिल्या आठवड्यातच दिली होती. कॅन्सरच्या सुया-औषधांनी त्यांच्या बोटांच्या टोकांना बधिरपणा आला आहे. पेन्सिल धरली की सुटते. मोबाइलवर एकाच वेळी तीन अक्षरं दाबली जातात, आणि मोतीबिंदूमुळे काय उमटलं ते दिसत नाही. परवा ते बराच वेळ हात हलवत होते. आई म्हणाली चहा पाहिजे. मी म्हटलं पंखा बंद करायचा असेल. चहा दिला, पंखा बंद केला. त्यांनी तोंड फिरवलं. त्यांना काय पाहिजे होतं ते आम्हाला अजून कळलेलं नाही. मान हलवली की आपल्याला पाहिजे तो अर्थ आपण घेतो, पिंटू. डॉक्टरसमोरसुद्धा मी तेच करते. ते मान हलवतात आणि मी सांगते, बाबा हो म्हणतात.

पण रात्री झोपेत त्यांची बोटं चादरीवर चालतात. दहाही बोटं. ओळ संपली की डावा हात सरकतो, टाइपरायटरचा दांडा ढकलावा तसा. ते पाहून मला कॉम्प्युटर सुचला. माझ्यासाठी नाही. मला अंगणवाडीच्या रजिस्टरातूनच वेळ मिळत नाही.

बडनेऱ्याला तुझा शाळेतला नितेश कचेऱ्यांतले जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकतो. त्याच्याकडे जाऊन येईन म्हणते. तू हो म्हण. आईचा गुडघा तसाच आहे. सगळ्यांचा लोभ तुझ्यावर आहे, तुला तो दिसो न दिसो.

तुझी,
प्रियदर्शनी


कॅम्प नं. ४
२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस जयभीम. वि. वि.

बोटं चादरीवर चालतात हे तू पयल्या पत्रात काहून नाई लिहिलं? तेवढंच लिहितीस तं मी भांडलो नसतो.

आता तू काई करू नको. नितेशले मी ओळखतो, त्यानं शाळेत माही सायकल विकून खाल्ली. जुनंपानं घ्याचं नाई. अठी सर्वेवाले साहेब हायेत, त्यायले मी इचारलं का घरी रोजच्या वापराले कोनता कॉम्प्युटर चांगला. त्यायनं लय इचारलं, कोन वापरनार, कशासाठी. मी म्हटलं साहेब सगळ्यात चांगला कोनता ते सांगा ना. तं त्यायनं खाली गेल्यावर माह्या पैशानं तुह्या पत्त्यावर लॅपटॉप मागवला. नवा कोरा. चांदीसारखा, वहीएवढा पातळ, बोट लावलं का पडदा सरकते. घरी पोचला का बाबांच्या मांडीवर ठेव, अन सांग का पिंट्यानं पाठवला. नववी नापासानं.

ते काय म्हनतात ते मले जसंच्या तसं लिही. शिवी दिली तं शिवी लिही. आईले जयभीम.

पिंटू


अमरावती
१८ फेब्रुवारी २०२५

चि. पिंटूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

लॅपटॉप आला. सुंदर आहे. तू सांगितलं तसं बाबांच्या मांडीवर ठेवला आणि तू पाठवला म्हणून सांगितलं. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, पाठ सरळ केली आणि बोटं ठेवली.

काहीच झालं नाही रे. त्याची बटनं इतकी चपटी, की बधिर बोटांना एक कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं ते कळेना. अक्षरंसुद्धा त्यांच्या टाइपरायटरच्या जागेवर नाहीत. तीस वर्षं हात जिथं जातो तिथं भलतंच निघत होतं. हाताचा तळवा लागून पडदाच गायब व्हायचा. अर्ध्या तासानं त्यांनी तो अलगद बाजूला ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून निजले. आईनं लॅपटॉपवर लुगडं टाकलं, जसं काही त्याला पाहूनच त्यांना त्रास होत होता.

दुसऱ्या दिवशी मी तो घेऊन बडनेऱ्याला गेले. सायकलीचं नितेशला अजून आठवतं, लाजला. पण त्यानं एकच गोष्ट विचारली, जी आपण दोघांनी विचारली नव्हती. काका कोणत्या मशीनवर बसायचे? मग त्यानं माळ्यावरून एक जुना कीबोर्ड काढला, जाड, उंच बटनांचा, दाबला की खटखट वाजणारा. सोबत टेबलावरचा साधा कॉम्प्युटर आणि मोठा पडदा. टाइपरायटरची अक्षरं जिथल्या तिथं येतील असं आत बसवून दिलं आणि अक्षर तीन बोटांएवढं केलं. लॅपटॉप ठेवून घेतला आणि वरचे पैसे परत दिले. तू रागावशील, रागाव.

घरी लावला. बाबा पंधरा मिनिटं नुसते हात ठेवून बसले. मग खटखट सुरू झाली, सहा महिन्यांनी. पहिली ओळ आली, ‘सुंदरा, तू घोरतेस.’ मी आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, खोटं आहे, आणि हसता हसता रडायला लागली.

आता दुसरं. तपासणीत रोग पुन्हा दिसला. डॉक्टर म्हणतात नागपूरला मोठं ऑपरेशन करता येईल, दोन लाखांच्या वर जाईल, मग जेवण कायम नळीनं. खात्री देत नाहीत. काय करायचं ते मला सुचत नाही.

प्रियदर्शनी


कॅम्प नं. ४
२ मार्च २०२५

ती. ताईस जयभीम. वि. वि.

सुचत नाई म्हनजे काय? ऑपरेशन करा लागते, दुसरं काय. मी ठेकेदाराच्या मुन्शीले भेटलो. ठेकेदार दोन लाख आगाऊ देते, पन दोन वर्षं बोगदा सोडता येत नाई. सुट्टी बी नाई. मी सही केली. पैसे महिनाअखेरीस उचलतो. तू नागपूरची तारीख घेऊन ठेव.

लॅपटॉपचं मले वाईट वाटलं. साहेब पयलेच इचारत होते कोन वापरनार, मीच सांगतलं नाई. जाऊ दे.

एक ध्यानात ठेव. बाबांले इचारू नको. आता त्यायच्या हाती मशीन हाय, ते नाई म्हनतीन. ते साऱ्यालेच नाई म्हनतात, मले तं जलमापासून. तारीख आली का गाडीत बसवून घेऊन जा. वाटेत काय खटखट करतीन? सहीचं बी सांगू नको.

माह्याबद्दल त्यायनं काई टाइप केलं का? नसन केलं तं तसं लिही, खोटं लिहू नको.

पिंटू


अमरावती
१६ मार्च २०२५

चि. पिंटूस आशीर्वाद. वि. वि.

मी त्यांना सांगितलं. तुझं पत्र त्यांच्या उशाशी मोठ्यानं वाचलं, ‘इचारू नको’ सकट. दोष दे मला. सहा महिने मी त्यांच्या मानेचा अर्थ लावला, आता ते स्वतः सांगू शकतात तर त्यांना न विचारता गाडीत घालणं माझ्यानं होणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खुर्चीत बसवायला लावलं. दोन दिवस टाइप केलं, खोडलं, पुन्हा केलं. त्यांना दुसऱ्या कोणत्या रीतीनं लिहिता येत नाही, म्हणून हे असं आहे. मी एक अक्षर बदललेलं नाही. छापून सोबत पाठवते.

तुझी,
ताई


अर्जदार : धर्मपाल तुळशीराम तायडे, वय ६१, धंदा अर्जलेखन (बंद), रा. पातूर, ह. मु. अमरावती.
गैरअर्जदार : पिंटू धर्मपाल तायडे, वय २४, धंदा मजुरी, ह. मु. बोगदा.
विषय : शस्त्रक्रिया न करणे व अर्जदारास घरी पोहोचविणेबाबत.

महोदय,

अर्जदार सविनय सादर करतो की, दुसऱ्या शस्त्रक्रियेबाबत डॉक्टरांनी अर्जदारासमक्ष मुलीस सर्व सांगितले आहे. अर्जदाराचा आवाज गेलेला आहे, कान गेलेले नाहीत. शस्त्रक्रियेनंतर किती दिवस मिळतील हे कोणी लेखी देत नाही. जे मिळतील ते नळ्यांसह परक्या गावी काढण्यास अर्जदाराची तयारी नाही.

गैरअर्जदाराने या कामी दोन वर्षांच्या करारावर सही केल्याचे अर्जदारास समजले. सदर सहीस अर्जदाराची संमती घेतलेली नाही. अर्जदाराचे दोन महिने वाढविण्यासाठी मुलाची दोन वर्षे जमिनीखाली घालणे हा व्यवहार अर्जदारास मान्य नाही. सही परत घ्यावी.

अर्जदाराने चार वर्षे गैरअर्जदाराशी पत्रव्यवहार केला नाही. याबाबत अर्जदाराकडे सबळ कारण नाही. विलंब माफ व्हावा.

सबब विनंती की, अर्जदारास पातूर येथे त्याच्या राहत्या घरी पोहोचते करावे. अर्जदारास मुलाशी आणखी बोलावयाचे आहे, ते अर्जात मांडण्यासारखे नाही.

वरील मजकूर खरा व बरोबर आहे.
धर्मपाल तु. तायडे


कॅम्प नं. ४
३० मार्च २०२५

ती. ताईस जयभीम. वि. वि.

अर्ज भेटला. मेसमध्ये बसून वाचला. मले छापलेलं वाचाले वेळ लागते तुले माहीत हाय. गैरअर्जदार वाचून हसू आलं, धंदा बंद वाचून गेलं. विलंब माफ व्हावा तठी आलो अन पुढं सरकलोच नाई. ताट तसंच राह्यलं. बाजूचा बिहारी इचारे, कोर्टाचं हाय का. मी म्हटलं हो.

तुह्यावर चिडलो. दोन दिवस चिडून राह्यलो. मी सारं जमवलं होतं, ताई. सही झाली, पैसा तयार, तुले नुसतं गाडीत बसवाचं होतं. आपन आपल्या बापाले मराले घरी नेऊन राहिलो, हे तुले समजते का? समजत असन. तूच त्यायच्या उशाशी बसते, मी नाई.

मंग मुन्शीकडं गेलो. पैसे उचलले नव्हते, म्हनून सही फाडली त्यानं. पन मधातच निघतो म्हनून ह्या महिन्याची मजुरी अडकवली. ते पंधरा एप्रिलले सोडतो म्हनते. ती हाती आली का मी निघतो. तवरीक बाबा राहतीन का नाई हे डॉक्टरले इचारू नको, मलेही सांगू नको.

त्यायले एवढं वाचून दाखव. माफ करनारा मी कोन? मी बी चार वर्षं काई लिहिलं नाई, अन माह्यापाशी बी कारन नाई. अर्जात मांडन्यासारखं नाई ते त्यायनं अर्ज न करता टाइप करून ठेवावं, माह्या नावानं, रोज थोडं. अक्षर मोठं ठेवावं. मी आलो का त्यायच्याजवळ बसून वाचीन. अन ते नसले तरी वाचीन, कितीही वेळ लागो.

मानूस आडवा झोपून जाईन अशीच गाडी करजो, जीप नाई. पडदा आईच्या मांडीवर दे, कीबोर्ड तू धर. पातूरले खाटेजवळ पयले कॉम्प्युटरसाठी लाइनीचं बटन बसव, बाकी झाडझूड नंतर.

बाबांले जयभीम. आईले जयभीम. तुह्यावरचा राग गेला, तू बी माह्यावरचा काढून टाक.

तुझा,
पिंटू

ता. क. गाडीपुरते जमवून सर्वेवाल्या साहेबांच्या हातानं पाठवून राहिलो. अडकल्या मजुरीवर साहेबांनी आपल्या खिशातून दिले, माह्या तिकिटाले त्यातले ठेवले नाई, म्हनून पंधरापर्यंत थांबतो. सहा हजार सातशे रुपये.