आहे त्या मापाचा ओटा

पिंपळवंडीच्या तुकाबाईला राजुरीच्या बयाबाईचा रामराम. तुझा गुडघा, तुझी सून, नातवंडं आणि दिराची मेंढरं सगळी बरी असतील अशी आशा करते. (गुडघा पहिला घेतला, कारण घरात तोच तुझं ऐकत नाही.) आमचं इकडं ठीक आहे. माझी कुणाबद्दल काही तक्रार नाही. तक्रार करायचीच नाही अशा कागदावर अंगठा दिलाय, ते पुढं येईलच. पत्र मी सांगतेय आणि आमच्या ऋषीची बायको हर्षाली लिहितेय. मी ‘न्हाई’ म्हणते, ही नातसून ‘नाही’ लिहिते. मी ‘लई’ म्हणते तर विचारते, ‘खूप’ लिहू का? लिही बाई, पेन तुझ्या हातात आहे. फोन का केला नाही म्हणशील, तर तुझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि मी बसलेय तिथून ओरडलं की समोरच्या साळुबाईला शब्द न् शब्द जातो. आत जाऊन बोलावं, तर इथून मला पटकन उठता येत नाही. म्हणून हर्षालीच्या कानात सांगतेय. ती कागदाचा फोटो काढून तुझ्या रोहिणीच्या फोनवर धाडेल, आणि सूनबाई तुला वाचून दाखवेल.

आता मूळ गोष्ट. अर्धी तुला तुझ्या गोरक्षानं सांगितलीच असेल, पण लेक आईला सांगतो ती नेहमी धुऊन-पुसून सांगतो, म्हणून माझ्याकडची ऐक. आमचं जुनं घर पाडून ऋषीनं नवं बांधायला काढलं आणि काम तुझ्या गोरक्षाला दिलं. परका कॉन्ट्रॅक्टर कशाला, हा पोरगा आपल्या डोळ्यांपुढं वाढला, असं मीच म्हणाले. तुमची मेंढरं आमच्या रानात बसायला यायची तेव्हा तू भाकरी थापायचीस आणि हा माझ्या ओट्यावर शेंगा फोडत बसायचा. टरफलं मी झाडायची. तर ऋषीनं विचारलं, आजी, तुला नव्या घरात काय पायजे? मी म्हटलं, मला एक ओटा द्या, बाकी तुमचं तुम्ही बघा. दहा फूट लांब, काळ्या दगडाचा, थंडगार, पाणी ओतलं की धुऊन निघंल असा. गोरक्षानं मान डोलावली, करारात लिहिलं, मला वाचून दाखवलं, आणि जमीन माझ्या नावावर म्हणून अंगठा माझाच घेतला.

घर झालं. बघायला गेले तर दारापुढं काही नाही. उंबरा ओलांडला की थेट रस्ता, नाकासमोर जाणारा-येणारा. म्हटलं, गोरक्षा, ओटा कुठाय? तो मोठ्या कौतुकानं मला स्वयंपाकघरात घेऊन गेला. “ह्यो काय, मावशी!” तिथं बाई, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काळाभोर चकचकीत ग्रेनाईटचा कट्टा, एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला गॅस. दहा फूट. थंडगार. पाणी ओतलं की धुऊन निघणारा. मी सांगितलेलं एक अक्षर त्यानं चुकवलं नव्हतं. पोरगा नारायणगावकडं बंगले बांधून बांधून इतका सुधारला, की ओटा म्हणजे दारापुढं बसायचा असतो हेच विसरला. (हर्षाली म्हणते, आजी, मला तर तो ओटा आवडला. तिला कुणी विचारलंय?)

मग ऋषी म्हणाला ओटा बांधलाच नाही, गोरक्ष म्हणाला बांधला की. दोघंही खरं बोलत होते, म्हणून भांडण मिटेना. गोरक्ष माणसं घेऊन निघून गेला. मोरीचं दार लावायचं राहिलं होतं ते तसंच भिंतीला टेकून राहिलं. तिथं आम्ही माझं जुनं लुगडं बांधलं आणि आत जाणाऱ्यानं गाणं म्हणायचं ठरवलं. (ऋषीचा आवाज किती वाईट आहे हे त्या दिवसांत कळलं.) मग नोटिसा झाल्या आणि शेवटी कोर्टात दावा लागला. वकिलानं दाव्याचा कागद वाचून दाखवला, त्यात मी वादी आणि तुझा गोरक्ष प्रतिवादी. वादी मला ठाऊक होती ती चपलेची. म्हटलं, ह्या वयात मला चामड्याची केली का रं? वकील हसला नाही. त्यांना हसायची मनाई असते वाटतं.

ह्यातलं काही मला फारसं लागलं नाही, तुका. लागलं ते वेगळंच. गेल्या हिवाळ्यात तुमची मेंढरं आली आणि माझं रान सोडून पलीकडच्या रानात बसली. संध्याकाळी कुत्र्यांचा आवाज ऐकू यायचा, पण तू चहाला आली नाहीस. आलीच असतीस, तर मी तुला बसवलं कुठं असतं? रस्त्यावर? तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ओटा नाही म्हणजे काय नाही.

मी वकिलाला विचारलं, निकाल कधी लागंल? तो म्हणाला, कोर्ट माणूस पाठवून पाहणी करील, मग साक्षी, मग युक्तिवाद. वेळ लागेल, आणि तोवर बांधकामाला हात लावायचा नाही. म्हटलं, तोवर मी कुठं बसू? ह्याला त्याच्या पुस्तकात कलम नव्हतं. मग मीच काढलं. सकाळी स्टूल घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर जाऊन बसले. गोरक्ष म्हणतो ना हाच तुमचा ओटा? मग ठीक आहे. जपमाळ घेतली, पाय सोडले, तंबाखूची डबी गॅसशेजारी ठेवली. हर्षालीनं आधी माझ्या अल्याडपल्याड पोळ्या लाटल्या. मग फोडणी माझ्या पदरावर उडाली आणि तिनं लाटणं खाली ठेवलं. ऋषी फाट्यावरचे वडे खाऊन कंटाळला, आणि ज्या वकिलानं नोटीस लिहिली त्यालाच म्हणाला, साहेब, आता मिटवायचं काय लागतं ते सांगा.

दोन्हीकडचे वकील आले, गोरक्ष आला. मी खाली उतरायला तयार नाही, म्हणून मध्यस्थी स्वयंपाकघरातच झाली. वकील पाटावर, मी वर. जज्जाला एवढं उंच का बसवतात ते मला तेव्हा कळलं. वरून सगळ्यांचं टक्कल दिसतं. मी म्हटलं, “गोरक्षा, ल्हानपणी शेंगा कुठं बसून खायचास रं?”

“ओट्यावर, मावशी.”

“त्या ओट्याला नळ व्हता का?”

पोरग्यानं माझ्या शेजारच्या नळाकडं बघितलं. मग त्याला हसू फुटलं, त्याचं बघून ऋषीला, आणि शेवटी वकिलालासुद्धा, तोंडावर फाईल धरून. ठरलं असं की अर्धा ओटा स्वयंपाकघरात ठेवायचा आणि अर्धा काढून दारापुढं न्यायचा. वकिलानं लिहिलं, ‘पाच फूट ओटा आहे त्या मापाने दर्शनी दारापुढे हलवावा, यापुढे उभय पक्षांची कसलीही तक्रार राहणार नाही.’ मी अंगठा दिला. गोरक्षानं मोरीला दार लावलं, आमची गाणी बंद झाली, आणि ओटा बाहेर आला. त्याच ओट्यावर बसून हे पत्र सांगतेय. इथून पार फाट्यापर्यंत दिसतं. साळुबाई समोरून बघून बघून जळतेय. सगळं गोड झालं, माझी काही तक्रार नाही.

तुझी मैत्रीण
बयाबाई (अंगठा शाईत बुडवून उठवलाय, फोटोत निळा ठिपका दिसेल तो)

ता. क. — रोहिणी, इथून पुढचं हळू वाच. म्हणजे सासूला ऐकू येईल इतपत मोठ्यानं, पण हळू. तुका, तुझा गोरक्ष एकदा पोळलाय, म्हणून ह्या वेळी त्यानं कागदाबाहेर बोटभरसुद्धा काही केलं नाही. ‘आहे त्या मापाने’ लिहिलं, त्यानं तसाच उचलून मांडला. स्वयंपाकघरात कमरेइतका उंच होता, दारापुढंही कमरेइतकाच उंच आहे. मी सकाळी स्टुलावरून चढते आणि हर्षाली स्टूल घेऊन आत जाते, कारण वरच्या फळीवरचे डबे काढायला तिलाही तेच लागतं. मग मी हाक मारीपर्यंत वर. पाय लोंबत असतात. साळुबाईला सांगितलंय की मला उंचावरच बरं वाटतं.

आता मी तक्रार तर करू शकत नाही. आणि ओटा बाहेर यायच्या आधीच कामाला पुण्याला गेलेला ऋषी शनिवारी येतोय. त्यानं मला अशी टांगलेली पाहिली तर पुन्हा वकील गाठील. म्हणून ही तक्रार नव्हे, विनंती. त्याच्या आत गोरक्षाला सहज मावशीला भेटायला म्हणून पाठव. गाडीत थापी आणि थोडं सिमेंट चुकून राहिलेलं असू दे. दोन पायऱ्या बांधून दे म्हणावं.

ता. क. दुसरा — पायऱ्या म्हणजे चढायच्या. हे त्याला नीट समजावून सांग, नाहीतर दोन पायरी आंबे घेऊन येईल. आंबे तू आण. येताना त्याच्याच गाडीत बस. पाच फुटात दोघी मावतो, मी बसून बघितलंय. शेंगा मी भाजून ठेवते, टरफलं ह्या वेळी तू झाड.