इतवाऱ्यात कमळाची मुळं

अमरावती, १२ नोव्हेंबर १९५३
दिवाळी आटोपली. कमळं सगळी विकली गेली. आज निर्वासितांच्या कॅम्पातली एक सिंधीण बाई इतवारा बाजारात माझ्या भाजीसमोर बराच वेळ उभी. मेथी नको, पालक नको. "कमल की जड़ है?" म्हटलं, बाई, ते चिखलात राहते, कोण विकते? लारकाण्याला नेहमी खायचे म्हणे. इकडे आल्यापासून चाखलं नाही. हातानं लांबी दाखवली अन् हसली.

१५ नोव्हें.
यांना सांगितलं. "मंग काहून नाही? तळं त आपल्याच मक्त्यात हाये." मामंजी ओसरीवरून : "लक्ष्मीचं फूल हाये ते. मूळ उपटलं त पुढच्या साली फुलं कोठून आणसान?" झालं. विषय बंद.

१९ नोव्हें.
मामंजी धारणीला गेले, सोयऱ्यांकडे. हे लगेच तळ्यावर. काठाकाठाची थोडीच मुळं काढली. आले तेव्हा दात तेवढे पांढरे. मूळ तोडलं की आत भोकंच भोकं. सासूबाईंनी एक मूळ दोन बोटांत धरून पाहिलं अन् ठेवून दिलं.

२० नोव्हें.
त्या सिंधीण बाईचं नाव लाजवंतीबाई. मुळं हातात घेतली, नाकाशी नेली. ओढणीनं डोळे पुसले. मलाही कसंतरी झालं. मग दरावरून अशी घासाघीस केली की आजवर कोण्या गिऱ्हाइकानं केली नसेल.

२९ नोव्हें.
कॅम्पातल्या आणखी बाया आल्या. मेथी, पुदिना, सगळं उचललं. बाजूला बसणारी गोदाबाई मात्र फुगलेली. "त्यायच्या सस्त्या कापडानं माह्या भावाचं दुकान बसलं, अन् तू त्यायलेच पोसून राहिली." खोटं नाही. ला.बाईचा नवरा सायकलवर कापडाचे गठ्ठे बांधून गावोगाव फिरतो, नफा कमी घेतो. गोदाबाईच्या भावाकडे गिऱ्हाईक कमी झालं हे मीही पाहिलं.  पालकावर पाणी शिंपडलं.

६ डिसेंबर
मामंजी आले, कळलं, बोलले. यांनी कबूल केलं की मधल्या कमळांना हात लावणार नाही. आता हद्द म्हणून पाण्यात बांबू रोवलेत. मामंजी सकाळी जाऊन बांबू पाहून येतात.

२० डिसें.
ला.बाईनं मुळांची भाजी करून आणली, कांदा-टमाट्यात. सा.बाई म्हणाल्या, "मी नाही खात कोणाच्या हातचं." संध्याकाळी भांडं घासायला घेतलं तर रिकामं. यांनी हात वर केले, मी नाही म्हणून. सा.बाई तुळशीपाशी वाती वळत होत्या. मान न उचलता म्हणाल्या, "थोडं तिखट पायजे होतं."

१७ जानेवारी १९५४
आज गोदाबाईच्या टोपलीत कमळाची मुळं. चांदूर रेल्वे गावाहून आणवली. माझ्याहून स्वस्त. अन् ला.बाईनं तिच्याकडूनच घेतली, माझ्या डोळ्यांदेखत. दिवसभर जिवाला लागलं.

१८ जाने.
ला.बाईला तोंडावर विचारलं. म्हणते, "मी व्यापाऱ्याची बेटी हाये, कौसल्या. तिचा माल चांगला होता." आता तीही "हाये" म्हणायला लागली. राग धरवेना. गोदाबाई टोपलीआड हसत होती. मग तिघींनी चहा घेतला. गोदाबाईचा भाऊ अजून कॅम्पातल्या कोणाशी बोलत नाही. ती म्हणे, "त्याचं तो पाहीन. मले माही टोपली हाये."

१४ फेब्रुवारी
ला.बाईच्या नवऱ्याला पक्क्या गाळ्याची जागा मिळते आहे. मागे कापड, पुढे ला.बाईचे पापड. पुढचा अर्धा भाग मी घ्यावा असं ती म्हणते. उन्हात बसणं सुटेल, भाजी सुकणार नाही. हे तयार आहेत, पण दाखवत नाहीत. मला तर

१५ फेब्रु.
काल लिहिता लिहिता मामंजींनी हाक मारली. म्हणाले, "आपली जागा बाजारात. दुसऱ्याच्या छपराखाली आज बसा म्हणते, उद्या उठा म्हणीन." ला.बाईला हे सांगितलं.  ती म्हणाली, "उठ म्हटल्यावर कसं वाटतं, मला म्हाईत हाये. मी नाही म्हणणार."
हे वाक्य घरी येऊन मामंजींना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी चिलीम खाली ठेवली. 

२१ फेब्रु.
मामंजींना न सांगता गाळा पाहायला गेलो, ला.बाई, मी, हे. सा.बाई "देवळात जातो" म्हणून निघाल्या होत्या, त्या आमच्या आधीच तिथे. आत जाऊन भिंतीवर हात फिरवला. बाहेर आल्या. ला.बाईला म्हणाल्या, "सकाळचं ऊन किती वाजेपर्यंत येते इथं?" ला.बाईला "ऊन" कळलं नाही, मी "धूप" म्हणून सांगितलं. दोघी रस्त्यात उभ्या राहून, कपाळावर हात धरून, वर सूर्याकडे पाहत राहिल्या. घरी मामंजी वाट पाहत असतील. त्यांना कोणी काय सांगायचं, हे अजून ठरलं नाही.