आराम म्हणजे बाग

३ मार्च

भाचीनं आज पाट्या तपासायला बसवलं. तिच्या वर्गाचं प्रदर्शन आहे – बागा, नदीकाठ, मैदानं यांचे आराखडे. विद्यापीठात संस्कृत शिकवणारी मावशी घरातच फुकट मिळते, मग सोडतंय कोण. पहिली पाटी – "प्रस्तुत अवकाशात मानव आणि निसर्ग यांचा संवाद घडतो." मी विचारलं, "आधी कोण बोललं?" लिहिणाऱ्या मुलानं पाटी उलटीसुलटी करून बघितली. त्याच्या प्रत्येक वाक्यात अवकाश असतो, म्हणून वर्गात त्याला अवकाशच म्हणतात. शेवटी बोलला, "मॅडम, लोक ओढ्याकाठी बसतील." तेवढंच लिहून घेतलं. चेहरा असा केला, जणू मी भर बाजारात त्याचा कोट उतरवला.

५ मार्च

मांडणी सगळी भाचीची. मॉडेलं डोळ्यांच्या उंचीवर. "वरून बघितलं की माणूस स्वतःला देव समजतो, मावशी." सभागृहाच्या मागच्या दारातून वाट थेट अंगणात जाते. तिथे तिचं स्वतःचं काम – कागदावर नाही, खरंखुरं. जुन्या झाडाखाली मातीचे दोन उंचवटे, त्यांवर हिरवळ, पाठ टेकेल एवढा उतार.

तिचे सर म्हणाले, "इथे कोणी बसणार नाही. याला डिझाइन नाही, ढीग म्हणतात." कुलसचिवांना तर तिथे गाड्या लावायच्या आहेत. "प्रदर्शन तात्पुरतंच ना? संपलं की दुसऱ्या दिवशी सगळं सपाट." झाडासकट.

भाची भात नुसता चिवडत बसली. मी तात्पुरतं या शब्दाची फोड करून सांगितली. हसली नाही.

६ मार्च

प्रदर्शनाला नाव हवं. अवकाशनं काय सुचवलं ते लिहायची गरज नाही. भाची म्हणाली, "मावशी, तू सांग. बाग म्हणजे काहीतरी. पण छोटं." मी म्हटलं, "आराम." संस्कृतात आराम म्हणजे बाग. पोरं माझ्याकडे बघतच राहिली. भाची मात्र लगेच, "ठरलं." माझं एवढं चटकन ऐकायची हिची रीत नाही.

८ मार्च

रंगाऱ्यानं पाटी आणली, रस्त्याकडच्या फाटकावर लावली. मोठ्या अक्षरांत – आराम. खाली अंगणाकडे बाण. 'विद्यार्थ्यांच्या रचनांचे प्रदर्शन' ही माझी ओळ गायब. "ताई म्हणाल्या, जागा पुरणार नाही." त्या पाटीवर माझी सगळी व्याकरणाची पुस्तकं मावली असती.

९ मार्च

उद्घाटन. सभागृहात तुरळक, अंगणात गर्दी. समोरच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेले, बस चुकलेले, सगळे बाणामागून आत. एका आजींनी मलाच विचारलं, "आराम इथेच करायचा ना?"

"आजी, इथे आराम म्हणजे उद्यान. रम् धातू, त्याला आ हा उपसर्ग –"

"असू दे गं बाई. चपला काढायच्या का?"

काढल्या, आणि उंचवट्यावर आडव्या झाल्या. मग काय, रांगच.

सर धावत आले. "हे काय चाललंय?"

"रममाण झालेत," मी म्हटलं.

१२ मार्च

आज मला बसायला जागा मिळाली नाही. सरांनाही नाही. उभ्या उभ्या ते उताराचं कौतुक करत होते.

१४ मार्च

कुलसचिव ठेकेदाराला घेऊन आले, मापं घ्यायला. उंचवट्यावर त्याच आजी, गाढ झोपलेल्या.

"यांना उठवा."

"साहेब, तुम्हीच उठवा. सासू आहे माझी," ठेकेदार म्हणाला.

कुलसचिव म्हणाले, थांबू जरा. थांबायचं तर बसावं लागतं. बसलं की तो उतार पाठ टेकायला लावतोच. आजी उठून घरी गेल्या, साहेब तिथेच. जाग आल्यावर डोळे चोळत म्हणाले, "गाड्यांचं... मागच्या बाजूला बघू."

१६ मार्च

प्रदर्शन संपलं. आराखडे उतरले. उंचवटे राहिले, झाडही. जेवताना मी जरा मिरवून घेतलं – म्हटलं, शेवटी कामाला आलं ते संस्कृतच. भाचीनं शांतपणे दुसऱ्यांदा भात घेतला.

१७ मार्च

पाटी मला हवी होती, आठवण म्हणून. भाची म्हणाली, "राहू दे, लोकांना लागते." मग म्हणाली, "मावशी, आराम म्हणजे बाग हे तू मला पाचवीत शिकवलंयस. नाव विचारलं की तू तेच सांगणार, हे ठाऊक होतं. लोक मराठी वाचतात, हेही."