मागचा डावा

१० जून २०१३, लातूर
पोचलो एकदाच्या! नांदेडहून दोन बॅगा, एक कुकर आणि धाकटी अफसाना. तिला मेडिकलच्या क्लासला जागा मिळाली आणि मला त्याच क्लासात नोकरी, म्हणजे अम्मीला आता दुप्पट काळजी. आदिनाथ सर हॉलमधला तास पाच माइकांनी रेकॉर्ड करतात. मुलं मात्र ऐकणार दोन कानांच्या इअरफोनवर. पाचांचे आवाज दोनात नीट मिसळतात का, हे मी आमच्या प्लेयरमध्ये तपासायचं. आज सवयीने प्रत्येक माइकमागच्या भिंतीवर तीनदा ठोकलं आणि जागेचं नाव बोलले: समोरचा डावा, मधला, समोरचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. अफसाना म्हणाली, आपा, तू कवायत घेतेस का?

१२ जून
मिसळलेली फाइल ऐकली. ‘मागचा डावा’ या माझ्या शब्दांनंतर तीन टकटक. त्या माझ्या नाहीत. वायर बदलली, फाइल पुन्हा केली. तेच.
हॉलचे शिपाई फारूकचाचा ऐकून हसतील वाटलं होतं. हसले नाहीत. मागची भिंत भूकंपात पडलेल्या गावातल्या दगडांची आहे म्हणे. त्र्याण्णवला ते स्वतः तिकडे ढिगारे उपसायला गेले होते. दगडावर तीनदा ठोकायचं, सगळ्यांनी गप्प व्हायचं. आतून उत्तर आलं की माणूस काढल्याशिवाय हलायचं नाही.
मी ठोकलं आणि जेवायला निघून गेले होते.

१७ जून
आता टकटक नाही, बाईचा आवाज आहे. आलात का, असं विचारते. रोज थोडी जवळून.
इथे चाचणीच्या मार्कांप्रमाणे बाक मिळतं. अफसानाचे मार्क कमी, म्हणून ती त्याच भिंतीला टेकून बसते. तिला पुढे बसवा म्हणून सरांच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. सर म्हणाले, तिला अभ्यास करायला सांग, आणि आवाज खटकत असेल तर मागचे माइक शून्यावर आण.
आणले. सगळं शांत झालं. लाज वाटते, पण बरं वाटलं.

२० जून
अफसाना म्हणते, मागची बाई हात मागते. इअरफोन न लावता तिला ऐकू येतं. मी रडले. उद्याच नांदेडला चल म्हटलं. ती म्हणते, रविवारची चाचणी देऊन जाऊ.
का ऐकलं मी तिचं?

२१ जून, दुपारी १२
हजेरीत अफसाना हजर. बाकावर दप्तर. भिंतीपाशी एक चप्पल. दार एकच, तिथे फारूकचाचा बसलेले. बाहेर कोणी गेलं नाही.
सकाळच्या तासाचे मागचे माइक उघडले. आठ वाजल्यापासून – आपा, आपा, मी हाय इथं –
चार तास. मीच शून्य केलं होतं –

दुपारी ३
पोरं बाहेर काढली. सर ओरडताहेत, ओरडू देत. पहारीने दोन दगड निघाले. मागे नुसता अंधार. चाचा म्हणाले, ठोका, मग गप्प राहून ऐका. तेवढ्यात हे लिहितेय, नाहीतर हातातली पहार थांबत नाही –
ठोकलं. हेडफोन कानाला.
मागचा डावा – आपा.
मागचा उजवा – आपा.
मधला. समोरचा. सगळीकडून आपा, शेकडो हाका, सगळ्या तिच्याच आवाजात. आता त्यांना कळलंय मी कुणासाठी –
अफसाना, तू कोणत्या दगडाखा