पानांवर आलेलं तेज

३ फेब्रुवारी, सकाळ

जळगावातल्या तमाम फ्लॅटधारकांनो! बायको लेकीकडे गेल्यावर तिच्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्या माझ्या उपेक्षित बंधूंनो! झाड बहरलं तर तिच्या हाताला गुण. झाड वाळलं तर तुमचं लक्ष कुठे होतं. हा अन्याय आपण किती काळ सहन करायचा?

(श्रोते : गॅलरीतल्या कुंड्या. तरी आवाज छान लागला.)

सौ. आज धुळ्याला गेली. मेघाचं बाळंतपण आहे. जाताना दारात सांगून गेली : पाणी बेताने घाला, भाषण त्याहून बेताने, आणि रोज एकदा पान उलटं करून बघा. पान उलटं! मी विचारांचा माणूस आहे. एक बाजू पाहिली की दुसरी मला तर्काने कळते.

संकल्प : ती येईल तेव्हा गॅलरीत जंगल असेल.

४ फेब्रुवारी

शनिवारच्या स्नेहसंमेलनात मिळालेले झेंडू-शेवंतीचे हार सौ. हॉलमध्ये ठेवू देत नव्हती. आज ते गॅलरीच्या ग्रिलला टांगले, जास्वंदीच्या बरोबर वर. झाडांनाही वातावरण लागतं. रस्त्यावरून हार दिसतात, पण तो हेतू नाही.

शेजारच्या बेबाबाईंकडून डबा आला. भरीत आणि कळण्याची भाकरी. सोबत देवाला त्यांच्या जास्वंदीचं फूल. म्हणाल्या, दिपमालाताई येवापर्यंत रोज देसू. बाई भाबडी आहे. भरीत उत्तम.

१३ फेब्रुवारी

पानांवर तेज आलं! चंदेरी झाक, उन्हात चमकते. दहा दिवस रोज सकाळी त्यांच्यापुढे बोलतोय, त्याचा हा परिणाम. फोटो काढून सौ.ला पाठवला. खाली लिहिलं, वाणीचं सामर्थ्य.

लगेच फोन. म्हणाली, अहो, हे तेज नाही, कुणीतरी पान खरवडून रस प्यायलाय. त्या चकाकीत काळे ठिपके आहेत का? आहेत. म्हटलं, जळगावच्या रस्त्यांची धूळ. म्हणाली, धूळ वरून पडते, पान उलटं करा आणि खालीही ठिपके आहेत का सांगा. आवाज येत नाही असं सांगून फोन ठेवला.

मत्सर. पस्तीस वर्षांत तिच्या हाताने असं तेज आलं नाही.

१७ फेब्रुवारी

नवी पानं वेडीवाकडी वळून येताहेत. कळ्या उमलायच्या आधीच गळतात. ऊन असेल.

तरी दिवसभर वाचन केलं. हे थ्रिप्स. आपल्याकडे फुलकिडे. मिरचीवाले, केळीवाले यांना शिव्या घालतात तेच. धाग्याच्या तुकड्याएवढे, पिवळसर किंवा काळपट. अंडी पानाच्या आत घालतात, पुढे मातीत उतरतात, तिथून पंख घेऊन वर येतात. या विषयावर मी आता तासभर सहज बोलू शकतो.

प्रत्यक्ष किडा अजून पाहिलेला नाही. तशी गरज वाटली नाही. सौ. म्हणते, पांढऱ्या कागदावर फांदी झटका. घरात कोरा कागदच नाही, प्रत्येकावर माझं नाव छापलेलं आहे.

प्रश्न एवढाच, की आले कुठून? इतिहास सांगतो, शत्रू सीमेपलीकडून येतो. सीमेपलीकडे बेबाबाईंची जास्वंद.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. सकाळी पारोळा, दुपारी अमळनेर, संध्याकाळी जळगाव. तिन्ही सभा जिंकल्या. दुसऱ्या सभेच्या मध्यात फोन वाजला, कापला. नात झाली होती. तिसऱ्या भाषणात उल्लेख केला, टाळ्या पडल्या.

पाच हार. सगळे ग्रिलला. आता गॅलरी गॅलरी वाटते.

२३ फेब्रुवारी, रविवार

सोसायटीची मीटिंग. सेक्रेटरी नवलला पाण्याच्या टाकीवर बोलायचं होतं. मी माइक घेतला. (माइक नव्हता. घेतला असं वाटलं.)

बोललो! म्हटलं, ज्या घराच्या शेजारी कीड पोसली जाते, ते घर किती दिवस उभं राहणार? म्हटलं, नाव घेणार नाही, पण ज्यांची फांदी कठड्यावरून पलीकडे डोकावते त्यांनी मनाला विचारावं. अशी फांदी इमारतीत एकच आहे. सगळे एकाच दिशेला वळून बघू लागले.

नवल म्हणाला, सर, टाकीचं? म्हटलं, टाकी नंतर, आधी कीड.

बेबाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. एवढंच म्हणाल्या, भाऊ, मनी जास्वंदले तं काहीच नई व्हयेल. मी म्हटलं, हीच कीड लपून राहायची पद्धत आहे. टाळ्या पडल्या. नवल म्हणतो त्या मीटिंग संपावी म्हणून होत्या. त्याला वक्तृत्वातलं काय कळतं.

२४ फेब्रुवारी

बेबाबाई सकाळी दारात. हातात रिकामी कुंडी. म्हणाल्या, भाऊ, उपटी टाकी. तुम्ही शिकेल माणूस, तुम्ही सांगं म्हंजे खरंच व्हई.

विजय.

डबा नेहमीसारखा आला. फूल नव्हतं. देव फुलाविना बसले. भरीत अर्धं उरलं. तिखट जास्त असावं.

२५ फेब्रुवारी

शत्रूचा तळ उद्ध्वस्त. आता फक्त घरातली साफसफाई. कडुनिंबाचं तेल आणलं. बाटलीवर लिहिलं होतं, साबणाच्या पाण्यात मिसळा, संध्याकाळी फवारा. संध्याकाळी माझं व्याख्यान. भर दुपारी फवारलं. साबणही नाही घातला, लढाईत साबण कसला. तेल पाण्यावर तरंगत राहिलं, शेवटच्या कुंडीला नुसतंच तेल मिळालं.

२७ फेब्रुवारी

मराठी भाषा दिन. दोन हार, एक गुच्छ. घरी आलो तर पीस लिलीची पानं भाजून तपकिरी झालेली. मनी प्लांट चिकट. जास्वंद मात्र तशीच चंदेरी.

सौ.चा फोन. म्हणाली, बेबाबाईंशी बोलणं झालं, झाड का उपटलं ते काही सांगेनात. तुम्हाला माहीत आहे का? म्हटलं, वयामुळे झेपत नसेल.

हे वाक्य मी बोललो. नंतर पाणी प्यायलो.

२ मार्च

निळे चिकट सापळे आणले, फुलकिडे निळ्याकडे जातात. वाऱ्याने सापळा फिरला आणि महिला दिनाच्या भाषणाचं पहिलं पान त्याला चिकटलं. "आपल्या शेजारची स्त्री" एवढेच शब्द सुटून वाचता येतात. योगायोग. मी अशा गोष्टी मानत नाही.

सापळ्यावर बारीक काळ्या रेघा बऱ्याच दिसतात. चष्मा आतल्या खोलीत होता.

सीमेपलीकडचं झाड जाऊन आठवडा झाला. तरी यांची संख्या वाढतेच आहे. का?

विचार पुढे ढकलला.

८ मार्च

महिला दिन. विषय : तिचा आवाज ऐकायला शिका. सभागृह भारावलं. पहिल्या रांगेत बेबाबाई होत्या, नवलच्या बायकोने आणलं होतं. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. त्यांच्याकडे बघायचं टाळलं, तर पुढचं वाक्य विसरलो. आयुष्यात पहिल्यांदा.

हार मिळाला. ग्रिलवर जागा नव्हती. जास्वंदीच्या फांदीलाच अडकवला.

९ मार्च

सौ. दोन दिवसांसाठी आली. गॅलरीत गेली. एकेक हार बोटाने मोजला, तेव्हाच ओळखलं.

मग विचारलं, हे हार कधीपासून इथे आहेत?

मी प्रसंगानुसार सांगू लागलो. ती ऐकत नव्हती. आत जाऊन माझा इस्त्रीचा पांढरा कुर्ता घेऊन आली, खाटेवर पसरला आणि कालचा हार त्यावर झटकला. काही झालं नाही. मी विजयाने बघितलं. म्हणाली, थांबा, चष्मा लावा.

कुर्ता चालत होता.

बारीक, काळपट, पिवळे, बटणांच्या काजांतून आत-बाहेर. मग तिने जास्वंदीचं एक पान माझ्यासमोर उलटं केलं. तिथे तेच. ती म्हणाली, झेंडू-शेवंतीत हे असतातच. फूल सुकलं की ते जवळच्या हिरव्या पानावर उतरतात. तुम्ही दर सभेनंतर त्यांना नवी फौज आणून दिलीत.

आणि मग म्हणाली, आपली जास्वंद बेबाबाईंनीच दिलेल्या फांदीची आहे, विसरलात? कीड तिकडून यायची असती तर तेव्हाच आली असती.

तिने सगळे हार पिशवीत घालून तोंड बांधलं आणि कचऱ्यात दिले. किडके शेंडे कापले. कुंड्या मोरीत नेऊन प्रत्येक पान खालून धुतलं, वरची माती बदलली. दर आठवड्याला हेच पुन्हा करायचं, अंडी आत असतात, असं सांगितलं. मी हे सगळं वाचलेलं होतं.

एक निरोगी फांदी बाजूला काढली, तीनदा धुतली, ओल्या फडक्यात गुंडाळली. म्हणाली, ही तुम्ही न्यायची. आणि बोलून द्यायची.

१० मार्च, सकाळ

क्षमेचं भाषण तयार. वीस मिनिटं. सुरुवातीला संतवचन, शेवटी आवाज किंचित कापरा.

१० मार्च, दुपार

बेल वाजवली. बेबाबाईंनी दार उघडलं. तोंड उघडलं आणि एक शब्द आला नाही. त्यांना वाटलं भूक लागली. म्हणाल्या, भाऊ, भरीत सरी गयं का? देऊ?

मी हो म्हटलं.

त्यांनी वाटीभर दिलं. फांदी त्यांच्या हातात ठेवून म्हणालो, दिपमालाने पाठवली. त्यांनी पान उलटं करून बघितलं. मग पदराने पुसलं आणि म्हणाल्या, कीड नई शे ना भाऊ? नईतं परत लोकेस्ना घर खराब व्हतीन.

मी वाटी घेऊन परत आलो. सौ.ने विचारलं, बोललात? म्हटलं, बोललो.

१० मार्च, संध्याकाळ

भरीत तसंच आहे. सौ.ने वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.

बंधूंनो नाही. भगिनींनो नाही. समोर कुंड्यासुद्धा नाहीत, त्या कालपासून मोरीतच आहेत.

लीलाधर, ऊठ. शेजारची बेल वाजव. "बेबाबाई, किडे माझ्या हारांतून आले, तुमच्या झाडातून नाही." एवढं बोल, आणि गप्प उभा राहा.